रंग आणि रांग : शिरूर–दौंडच्या दातांचा इतिहास

घोड नदीच्या उजव्या तीरावर, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची मातीची घरे, धान्याची पेवे, रंगीत मृद्भांडी आणि शेतीला पाणी नेणारा पाट यांच्याबरोबरच घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मुलांचे सांगाडेही मोठ्या संख्येने हाती आले. आणि या मुलखातील दातांचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याला आरंभ तेथूनच करावा लागतो. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली उजेडात आलेली ही वसाहत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदली. मृत अर्भकाला दोन करड्या रांजणांत, त्यांची तोंडे एकमेकांस भिडवून, घरातच पुरण्याची तेथील रीत होती, आणि या रीतीमुळेच इतर स्थळी सहसा न टिकणारे कोवळे दुधाचे दात अभ्यासकांना येथे पाहावयास मिळाले.

त्या दातांचा अभ्यास अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकास आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला. दाताचे कवच घडत असताना आईला किंवा बाळाला उपासमार घडली, आजार झाला, तर त्या कवचात खळगा वा चरा राहतो, आणि कवच एकदा घडले की शरीर ते पुन्हा घडवीत नाही. त्यामुळे दात हे बालपणाचे असे दप्तर ठरते की ज्यातील नोंद पुढे कोणालाही खोडता येत नाही. दुधाच्या सुळ्यांवरील अशा खळग्यांची मोजदाद करून या दोघा अभ्यासकांनी त्यांचा संबंध बदलत्या हवामानाशी आणि उपजीविकेच्या साधनांशी लावला. इनामगावच्या उत्तरकाळी गहू-जवाची शेती खालावली, घरे लहान झाली, माणसे शिकारीकडे अधिक वळली, हे उत्खननाने दाखविलेच होते. त्या हलाखीचा दाखला मुलांच्या मुखातही मिळावा, ही गोष्ट वाचताना मन गलबलून जाते. याच संदर्भात आणखी एक मुद्दा ध्यानात ठेवावा. पाट्यावर भरडलेले, चावून चावून खावे लागणारे अन्न ज्यांच्या नित्याचे होते त्यांचे जबडे पुरेसे वाढत आणि त्यांत दातांची दाटी कमी होई, असे अनेक मानवशास्त्रज्ञांचे मत आहे. दात एकमेकांवर चढण्याची तक्रार मऊ, शिजविलेल्या, दळलेल्या अन्नाबरोबर वाढत गेली, असे ते मानतात.

दात स्वच्छ ठेवण्याचा विचार मात्र आपल्याकडे पुरातन आहे. चरकाने करंज, कण्हेर, रुई, अर्जुन यांसारख्या झाडांच्या काड्या दंतधावनास सांगितल्या. सुश्रुताने ती काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड असावी असे ठरवून कडू काड्यांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ मानला. भीमेच्या काठी जेथे बाभूळ आणि कडुनिंब बांधाबांधाला उभे असतात, तेथे ही व्यवस्था ग्रंथाच्या आधाराविनाही चालत आली. शेताकडे जाणाऱ्या माणसाने वाटेत बाभळीचा फोक मोडावा, त्याचे टोक चावून मऊ करावे आणि मोटेच्या पाण्याने चूळ भरावी, हा शिरस्ता दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत आजच्या वृद्धांच्या तरुणपणापर्यंत अबाधित होता. घरात राखुंडी होतीच. गोवऱ्यांची राख, कोळसा आणि मीठ यांच्या त्या मिश्रणाने दात घासले जात आणि काही अंशी झिजतही.

परंतु स्वच्छ दात आणि शुभ्र दात या दोन गोष्टी प्राचीनांनी एक मानल्या नव्हत्या, हे विसरू नये. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत दात, वस्त्रे आणि अंग यांना रंग देण्याची कला स्वतंत्रपणे नोंदविली आहे. म्हणजे दात रंगविणे हे त्या काळच्या नागर जीवनात शिक्षणाचा विषय होण्याइतके प्रतिष्ठित होते. विड्याने ओठ आणि दात लाल व्हावेत यात कोणाला कमीपणा वाटत नसे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे जिची कबर आहे त्या मस्तानीविषयी, तिने विडा खाल्ला असता गळ्यातून उतरणारा लाल रस कांतीतून दिसे, अशी आख्यायिका अद्याप सांगितली जाते. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी तिच्यात सौंदर्याचा जो मानदंड आहे तो गोऱ्या कांतीचा आणि लाल विड्याचा आहे. शुभ्र दातांना त्यात जागा नाही.

पेशवाईत आणि तिच्या नंतरही बराच काळ मराठी सौभाग्यवतीच्या साजात दातवणाला स्थान होते. हिरडे, माजूफळ आणि हिराकस यांसारख्या जिनसांपासून केलेली ही पूड दातांना चोळली म्हणजे दात काळेभोर होत. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांचा संयोग झाला की पक्का काळा रंग उतरतो, आणि याच संयोगातून लिहिण्याची शाईही करता येई. दख्खनी मुसलमान स्त्रियांत हीच वस्तू मिस्सी या नावाने प्रचलित होती, आणि हर्क्लॉट्स याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या मुसलमानी रीतिरिवाजांवरील ग्रंथात तिचा उल्लेख आहे. काळ्या दातांची ही आवड एकट्या महाराष्ट्राची नव्हती. दूर जपानात विवाहित आणि कुलीन स्त्रिया लोहाचे पाणी आणि माजूफळासारख्याच गाठींची पूड वापरून दात काळे करीत, आणि तेथील सरकारने १८७० मध्ये सरदारवर्गाला ही चाल बंद करण्याचा हुकूम दिल्यावर १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. आपल्याकडे असा हुकूम निघाला नाही. चाल आपोआप ओसरली, आणि ती ओसरण्याला जी कारणे घडली त्यांतील दोन मोठी कारणे शिरूर आणि दौंड या गावांच्या भूगोलातच वसलेली होती.

शिरूर, ज्याला जुने लोक घोडनदी म्हणतात, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी पडली. कोरेगावच्या लढाईत लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी १८१७ च्या अखेरच्या रात्री पुण्याकडे निघाली ती याच छावणीतून. छावणीमागून साहेबी दुकाने आणि मिशनरी आले, आणि त्यांच्याबरोबर साबण, कंगवा, आरसा व पुढे ब्रश यांचा प्रवेश झाला. दौंडला ते काम लोहमार्गाने केले. पुण्याहून दौंडमार्गे दिक्सालपर्यंतची गाडी १८५८ मध्ये सुरू झाली आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग उघडल्यावर भीमथडीतले हे लहानसे गाव जंक्शन बनले. रेल्वे वसाहतीत राहणारे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड, त्यांची कुटुंबे, मुंबईहून डब्यांतून उतरणारे बारदान, स्टेशनबाहेरच्या पेठेतील दुकाने, या सगळ्यांमधून मुंबईतील आवडीनिवडी गावात झिरपत गेल्या. ज्या बाईने माहेरी दातवण लावले तिच्या सुनेने ते लावले नाही, आणि नातीला तर ते काय असते हेही ठाऊक राहिले नाही.

दातवण गेले, परंतु काळे दात गेले नाहीत. दातवणाची जागा मिश्रीने घेतली, आणि या परिसराच्या दंतेतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण येथे सुरू होते. तंबाखूची पाने वा भुकटी तव्यावर काळी पडेपर्यंत भाजावयाची, ती चोळून बारीक करावयाची, डबीत भरावयाची आणि सकाळी तर्जनीने हिरड्यांवर व दातांवर घासावयाची, अशी ही साधी घरगुती कृती. आरंभी दात दुखतो म्हणून, पोट साफ होते म्हणून, कोणा शेजारणीने सांगितले म्हणून बाई मिश्री लावते. मग सकाळची एक वेळ दोन होतात, दुपारच्या भाकरीनंतर तिसरी येते, आणि कांदा काढताना, ऊस तोडताना, जात्यावर बसताना तिच्याशिवाय हात चालत नाही. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून घरात आलेली वस्तू शेवटी व्यसन होऊन बसते, आणि घरातली लहान मुलगी आजीच्या डबीतली चिमूट बोटावर घेऊन तिचे अनुकरण करते. घरातील कोणीही तिला रागे भरत नाही, कारण मिश्री ही तंबाखू आहे हे कोणाच्या मनातच येत नाही. मिश्रीचा रंग दातांच्या फटींत आणि मानेशी बसतो, हिरड्या मागे सरकतात, दाताचे मूळ उघडे पडते, आणि चाळिशीच्या आतच मुख म्हातारे दिसू लागते.

या व्यसनाची शास्त्रीय तपासणी मोठ्या प्रमाणावर झाली तीही आपल्याच जिल्ह्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि त्यांचे सहकारी, तसेच कोपनहेगनचे पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तंबाखूच्या सवयींचा मुखातील कर्करोगपूर्व विकारांशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. दंतमंजनांत आणि दंतलेपांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये मनाई केली. तो नियम कारखान्यात तयार होणाऱ्या मंजनांना लागला. चुलीवरच्या तव्याला तो कोठून लागणार? जी मिश्री घरीच भाजली जाते तिच्यावर कायद्याचा अंमल चालत नाही, आणि म्हणूनच ती अजून टिकून आहे.

त्याच्या कितीतरी आधीपासून पांढऱ्या दातांचे नवे वेड बाजारातून येत होते. माकडछाप काळी टूथ पावडर खेड्यापाड्यांतील दुकानांत पोहोचली. काळ्या पुडीने दात पांढरे करण्याची ही कल्पना राखुंडीची सवय असलेल्या घरांना परकी वाटली नाही. कोलगेट कंपनीने १९३७ मध्ये हिंदुस्थानात आपला कारभार थाटला. १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत विको कंपनी स्थापिली आणि तिच्या वज्रदंती मंजनाने मराठी घरांत जागा मिळविली. या कंपनीचा एक वाद मला नेहमी उद्बोधक वाटत आला आहे : तिचे पदार्थ औषध मानावेत की प्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी तिचा वर्षानुवर्षे तंटा चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दात घासणे हा आरोग्याचा भाग की सौंदर्याचा, हा प्रश्न न्यायासनासमोर आला ही गोष्ट लहान नव्हे, कारण पुढे दात सरळ करणाऱ्या आणि पांढरे करणाऱ्या वैद्यकापुढेही तोच प्रश्न उभा राहिला.

दात सरळ करण्याच्या विद्येकडे वळू. १७२८ मध्ये फ्रान्समध्ये पिएर फोशार याने दंतवैद्यकावरील आपल्या ग्रंथात वेडे दात ओळीत आणण्यासाठी धातूच्या पट्टीचा वापर वर्णिला, आणि १८९९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अँगल याने वाकड्या दातांचे जे वर्गीकरण केले ते आजही शिकविले जाते. आपल्या प्रांतात मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, दंतवैद्यांच्या व्यवसायाला नियम घालणारा कायदा १९४८ मध्ये झाला, या शाखेतील तज्ज्ञांची भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली, आणि पुण्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. म्हणजे दौंडच्या एखाद्या मुलीचे पुढे आलेले दात आत घ्यावयाचे तर फार काळपर्यंत बापाला दर महिन्याला तिला घेऊन गाडीने पुण्यास जावे लागे, आणि ते दोन वर्षे चालवावे लागे. हा खर्च ज्याला झेपे तोच तो करी. इतरांच्या मुली तोंडावर पदर धरून हसत.

दातांवरून पारख करण्याची या मुलखाला जुनी सवय आहे. बैलबाजारात बैलाचा ओठ वर करून तो आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळला आहे, म्हणजे त्याचे वय किती, हे पाहिल्यावाचून सौदा होत नाही. खेदाची गोष्ट अशी की मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींची नजरही फार वेगळी नसे. मुलीला दोन प्रश्न विचारून बोलावयास लावावयाचे, ते दात दिसावेत म्हणून. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यावर आणि पगाराची माणसे वाढल्यावर दाताला तारा बसविणे ही गोष्ट साधारण कुटुंबाच्याही आवाक्यात आली. आता या गावांतील दवाखान्यांत ठरावीक वारी पुण्याहून तज्ज्ञ येतात आणि पैसे हप्त्यांनी दिले तरी चालते. माझ्या मते या प्रसारामागे हसू आणि लग्न ही दोन कारणे जबड्याच्या आरोग्यापेक्षा बलवत्तर आहेत, आणि ते कबूल करण्यात तज्ज्ञांनी कमीपणा मानू नये.

येथूनच रुग्णाच्या समाधानाचा प्रश्न निघतो, आणि तो समजण्यासाठी तारा कशा बसतात ते आधी पाहू. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर याने दाताचे कवच आम्लाने खरखरीत करून त्यावर द्रव्य चिकटविण्याची युक्ती दाखविली, आणि तिच्यामुळे पुढे कड्यांऐवजी तार धरून ठेवणारे लहान लहान ब्रॅकेट दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटविता येऊ लागले. सोय झाली, तसा एक नवा त्रासही आला. ब्रॅकेटभोवती अन्न अडकते, ब्रश नीट फिरत नाही, आणि जेथे गूळ, ऊस आणि गोड चहा यांची रेलचेल आहे अशा दौंड तालुक्यात, जेथे गुऱ्हाळे वर्षाचे कित्येक महिने चालतात, तेथे त्या कडांशी कवचातील चुना विरघळून खडूसारखे पांढुरके डाग उमटणे नवल नव्हे. दीड-दोन वर्षांनी तारा निघतात. तज्ज्ञ जबडा मिटवून पाहतो, वरची आणि खालची रांग परस्परांत बसली, दाढेवर दाढ आली, म्हणून त्याला कृतार्थता वाटते. रुग्ण मात्र आरशासमोर उभा राहतो आणि त्याला प्रथम दिसतो तो रंग. इतके दिवस ज्या दातांची वाकडी ठेवणच नजरेत भरत होती त्यांची पिवळसर छटा आता सरळ, सलग रांगेत प्रथमच लक्षात येते, आणि मुलगी विचारते की एवढा खर्च करून दात पांढरे का झाले नाहीत.

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे म्हणून जे वैद्य तो झटकून टाकतात त्यांनी आपल्याच शास्त्राच्या इतिहासाकडे पाहावे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात बिल क्लुस्मियर नावाचा दात सरळ करणारा तज्ज्ञ होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने सुजलेल्या हिरड्यांसाठी एका रुग्णास रात्री दातांवर बसवावयाच्या साच्यात जंतुनाशक औषध घालण्यास सांगितले, आणि हिरड्या बऱ्या होता होता दातही उजळलेले त्याला दिसले. त्या औषधात कार्बामाइड पेरॉक्साइड होते. हेवूड आणि हेमान यांनी १९८९ मध्ये या पद्धतीवर शास्त्रीय निबंध लिहिल्यावर घरच्या घरी, वैद्याच्या देखरेखीखाली, साच्याने दात उजळविण्याची रीत जगभर पसरली. घरच्या घरी दात उजळविण्याची आधुनिक कला अशी दात सरळ करणाऱ्याच्याच दवाखान्यात जन्मली, म्हणून रंग आणि रांग यांचा संबंध रुग्णाच्या मनात आहे तसाच तो शास्त्राच्या वंशावळीतही आहे.

उपचार संपल्यावर योग्य रुग्णाचे दात योग्य रीतीने उजळविले तर एकंदर उपचाराविषयीचे त्याचे समाधान वाढते, हे मला पटते. कारण सामान्य माणूस दाताचा कोन मोजत नाही, तो चेहरा पाहतो. परंतु या समाधानाला मर्यादा आहेत आणि त्या रुग्णाला आधी सांगितल्या पाहिजेत. दाताचा आतला भाग मुळातच पिवळसर असतो आणि वयाबरोबर त्याची छटा गडद होत जाते. पेरॉक्साइड कवचातून आत शिरून रंगद्रव्ये मोडते, परंतु कृत्रिम टोपी किंवा भरण यांचा रंग ते बदलीत नाही. काही दिवस थंड-गरम लागते, ते सहसा आपोआप थांबते. तारांमुळे आलेले पांढरे डाग उजळविण्याच्या आरंभी अधिकच उठून दिसू शकतात, म्हणून आधी फ्लोराइडने कवचाला बळ द्यावे, चिकटद्रव्याचे अवशेष साफ करावेत, काही आठवडे थांबावे आणि मगच या वाटेला जावे. जिच्या दातांवर मिश्रीचा थर आहे तिचा थर प्रथम यंत्राने साफ व्हावा लागतो, आणि मिश्री चालूच राहिली तर उजळपणा टिकणार नाही. तेथे खरा उपचार डबी टाकून देणे हाच आहे. लिंबू आणि सोडा, विटेची पूड, बाजारातील आम्ल घेऊन दात चमकावून देणारे यांच्या नादी लागणे तर सर्वांत घातक, कारण झिजलेले कवच परत येत नाही.

शिरूर आणि दौंडच्या दंतवैद्यांना माझी विनंती इतकीच आहे की तारा बसविण्यापूर्वीच्या पहिल्याच भेटीत दाताच्या छटेची नोंद रुग्णाच्या कागदावर करावी, तारा निघाल्यावर दात कसे दिसतील आणि कसे दिसणार नाहीत हे त्याला व त्याच्या आईबापांना साध्या शब्दांत सांगावे, घरात मिश्री आहे का हे न संकोचता विचारावे. आणि रुग्णानेही रंगाविषयी जे मनात असेल ते त्याच भेटीत बोलून दाखवावे.